लग्नातले कपडे आणि जरीच्या साड्या दुकानात कमिशनवर विक्रीस ठेवणे : मराठवाड्यातील अनुभव आणि सल्ला हवा आहे

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर) – धागालेखिका

आमच्या घरात गेल्या काही वर्षांत लागोपाठ लग्ने झाली. त्यांतून आलेल्या आहेराच्या साड्या, दोन लेहेंगे, एक शेरवानी आणि सासूबाईंनी जपलेल्या काही जरीच्या साड्या असे बरेच कापड लोखंडी कपाटात पडून आहे. रोजच्या वापरातले जुने कपडे आजवर दारावर येणाऱ्या भांडेवालीला देत आलो आणि त्यात कधी काही खटकले नाही. परंतु एकदाच अंगावर चढलेली शेरवानी देऊन स्टीलचा डबा घ्यावा, हे मनाला पटत नाही. शहरात आता अशी काही दुकाने आहेत, जी कपडे विकत घेत नाहीत, नुसती ठेवून घेतात आणि विकले गेल्यावर आपले कमिशन कापून उरलेले पैसे मालकाला देतात. अशा दुकानात नेमके कोणते कपडे घेतले जातात, किंमत कोणी ठरवायची, विक्री झाली नाही तर काय होते, आणि दुकानात असताना कपडा खराब झाला किंवा हरवला तर जबाबदारी कोणाची, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष व्यवहार केला आहे त्यांनी लिहावे. नुसते दान करा, असा सल्ला कृपया देऊ नये. जे द्यायचे ते आम्ही देतोच.

कोरीघडी (लातूर)

मी लातूरला असेच एक छोटे दुकान चालवते, म्हणून दुकानाच्या बाजूने जरा विस्ताराने लिहिते.

काही दुकानदार जागेवर रोख देऊन कपडा विकत घेतात. तेथे भाव बराच पडतो, कारण तो विकला गेला नाही तर पैसे त्यांचे अडकतात. कमिशनवर ठेवण्यात ती जोखीम मालकाकडेच राहते, म्हणून विक्री झाली तर हाती अधिक पडते. मात्र विक्री होईपर्यंत एक रुपयाही मिळत नाही. ज्यांना मुलाच्या शुल्काचा हप्ता पुढच्या आठवड्यात भरायचा आहे त्यांना मी स्वतःहून सांगते की, हा मार्ग तुमच्यासाठी नाही, कमी भाव मिळाला तरी रोख घेणाऱ्याकडे जा.

आता काय घेतले जाते ते. शालू, काठपदराच्या साड्या, लेहेंगे, शेरवान्या, कोट आणि लहान मुलांचे समारंभाचे कपडे यांना गिऱ्हाईक आहे. जीन्स, शर्ट, कुर्ते मी घेत नाही. हे कपडे आठवडी बाजारात ढिगावर इतक्या कमी पैशांत मिळतात की, टांगून ठेवण्याची जागाही त्यांतून भरून निघत नाही. आहेराच्या साड्यांबद्दल लोकांची फार निराशा होते. घडीसुद्धा मोडलेली नाही, असे सांगत दहा-बारा साड्यांचा गठ्ठा घेऊन येतात. पण बस्ता बांधताना आहेरासाठी म्हणून घाऊक भावात उचललेली सिंथेटिक साडी कोरी असली तरी तिला किंमत नसते, कारण तशीच नवी साडी गिऱ्हाइकाला आमच्या गंजगोलाईच्या बाजारपेठेत तेवढ्याच पैशांत मिळते. ती साडी पुढच्या आहेरातच जाणार, आणि आपल्याकडे ती तशी वर्षानुवर्षे फिरतेच! कधी कधी फिरून मूळ घरी परतते, हा भाग वेगळा.

किमतीविषयी स्पष्ट बोलते. खरेदीचे बिल दाखवून त्याच्या निम्मे तरी येतील ना, असे विचारणारे बरेच असतात. बिल मी पाहते, परंतु त्यावरून भाव ठरवत नाही. असाच लेहेंगा आज नवा कितीला मिळतो, त्याची फॅशन चालू आहे की गेली, आणि भाड्याने तो एका दिवसासाठी कितीला मिळतो, या तीन गोष्टी मी पाहते. भाड्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एका दिवसाच्या भाड्याच्या दुप्पट-तिपटीपेक्षा जास्त किंमत लावली, तर नवरीकडची माणसे भाड्यानेच नेतात. शेरवानीचे तर बहुतेक वेळा असेच होते, म्हणून खामकाठताई, शेरवानीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

माझ्याकडे हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर निम्मे-निम्मे, त्यावरच्यावर मालकाला साठ टक्के आणि भारी पैठणी किंवा शालू असेल तर सत्तर टक्के, असा हिस्सा आहे. कपडा नव्वद दिवस ठेवते. निम्मी मुदत उलटली आणि कोणी हातही लावला नाही, तर मालकाला फोन करून किंमत उतरवायची का ते विचारते. न विचारता किंमत उतरवणाऱ्या दुकानात कपडा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोंढारस्ता (जालना)

वरील प्रतिसाद प्रामाणिक आहे, पण सगळीच दुकाने अशी चालत नाहीत. आमच्या घरातील एक रेशमी साडी एका मोठ्या शहरातील दुकानात ठेवली होती. पावती म्हणून मिळाली ती वहीच्या कागदाची चिठ्ठी, जिच्यावर फक्त ‘साडी १ नग’ एवढेच लिहिले होते. मुदत संपल्यावर साडी परत आली तेव्हा पदरावर अत्तराचा डाग होता, आणि तो आधीपासूनच होता, असे ठाम उत्तर मिळाले. साडी कशी होती हे सांगणारा एकही कागद आमच्याजवळ नसल्यामुळे पुढे बोलण्यासारखे काही राहिले नाही. भांडेवाली बरी, असे मी म्हणतो ते याचसाठी. ती दारात बसते, समोर घासाघीस करते आणि व्यवहार तिथल्या तिथे संपतो.

नियमावली (नांदेड)

मी वकिली करतो. वरील प्रसंगात कायदा अगदीच मुका नाही, म्हणून थोडे लिहितो.

कमिशनवर ठेवलेला कपडा विकला जाईपर्यंत मालकाचाच असतो. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दुकानदाराची येथे दुहेरी भूमिका असते. वस्तू सांभाळण्यासाठी ताब्यात घेतली, म्हणून तो कलम १४८ मधील निक्षेपाने, म्हणजे सोपवलेल्या वस्तूच्या जबाबदारीने, बांधलेला असतो. आणि आपल्या वतीने विकतो, म्हणून तो आपला अभिकर्ता (एजंट) ठरतो. कलम १५१ सांगते की, सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी त्याने घेतली पाहिजे. कलम १५२ मात्र असे आहे की, तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले तर, वेगळा करार नसल्यास, त्याच्यावर जबाबदारी येत नाही. आग, पाणी, चोरी, कसर यांपैकी कशाची भरपाई कोण आणि किती करणार, हे लिहून घेण्याचे खरे कारण हेच आहे. हिशेबाबाबत कायदा अधिक सरळ आहे : मागितल्यावर योग्य हिशेब देणे (कलम २१३) आणि आपले कमिशन व खर्च वजा करून मालकाच्या वतीने मिळालेली रक्कम त्याला देणे (कलम २१८) हे अभिकर्त्याचे कर्तव्य आहे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आपण पाच हजारांखाली विकू नका, असे सांगितले आणि दुकानदाराने तीन हजारांना विकले, तर साडी गिऱ्हाइकाकडून परत मागता येईल, असे अनेकांना वाटते. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम २७ च्या परंतुकानुसार, मालकाच्या संमतीने माल ताब्यात असलेल्या व्यापारी अभिकर्त्याने धंद्याच्या नेहमीच्या ओघात विक्री केली आणि खरेदीदार सद्भावनेने वागला असेल, तर साडी त्याची होते. आपले भांडण उरते ते दुकानदाराशी, आणि तेही किमान किंमत कागदावर असेल तर टिकण्यासारखे.

आपल्याकडे साडी घरी दाखवायला म्हणून नेण्याची पद्धत आहे, तिच्याविषयीही याच कायद्यात कलम २४ आहे. पसंतीवर नेलेला माल ठरलेल्या मुदतीपलीकडे, नकार न कळवता, ठेवून घेतला तर तो विकत घेतला असे मानले जाते. मुदत ठरलीच नसेल तर वाजवी मुदत धरली जाते. त्यामुळे पसंतीवर माल बाहेर देणाऱ्या दुकानाने परत करण्याची तारीख लिहून ठेवलीच पाहिजे.

कराबाबत मालकाला घाबरण्याचे कारण नाही. वैयक्तिक वापराचे कपडे आयकर कायद्यातील भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून वगळलेले आहेत, त्यामुळे स्वतःची वापरलेली साडी विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिन्यांना ही सवलत नाही. वस्तू व सेवा कराचा प्रश्न दुकानाचा आहे. आपल्या राज्यात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी बंधनकारक नसते. दलालीसारखी सेवा असेल तर ही मर्यादा २० लाखांची आहे. वापरलेला माल स्वतः विकत घेऊन विकणाऱ्या नोंदणीकृत दुकानदाराला केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम ३२ (५) प्रमाणे पूर्ण विक्री किमतीऐवजी फक्त खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची मुभा आहे, मात्र मग खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही.

तेरणाकाठ (धाराशिव जिल्हा)

कायदा आणि कमिशन यांच्याइतकाच महत्त्वाचा एक विषय अजून कोणी काढला नाही, आणि तो ओळखीचा आहे. पुण्या-मुंबईत दुकानात लावलेली साडी कोणाची हे कोणाला कळत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एका लग्नात दिसलेला शालू दुसऱ्या लग्नात दुसरीच्या अंगावर दिसला, तर जेवणाच्या पंगती उठण्यापूर्वी त्याचा पूर्ण इतिहास मांडवभर झालेला असतो. विकणाऱ्या घरावर, एवढी वेळ आली का, म्हणून बोलले जाते आणि घेणाऱ्या घरावर, सुनेला जुने नेसवले, म्हणून. त्यामुळे आमच्याकडे अशी दुकाने चालत नाहीत, असे म्हणण्यापेक्षा आमच्या गावचा कपडा आमच्या गावात चालत नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

माझ्या माहितीतील एका बाईंनी यावर चांगला उपाय काढला आहे. त्यांच्याकडे आलेले भारी कपडे त्या स्वतःच्या दुकानात लावतच नाहीत, तर ओळखीच्या दुसऱ्या जिल्ह्यातील दुकानाकडे पाठवतात आणि तिकडचे इकडे मागवतात. कमिशन दोन दुकानांत वाटले जाते, त्यामुळे प्रत्येकीला कमी मिळते, परंतु माल खपतो. आठ जिल्ह्यांच्या आपल्या भागात, जेथे सोयरिकी बहुधा शेजारच्या तालुक्यातच जुळतात, तेथे कपडा जितका लांब जाईल तितका तो निर्धास्तपणे नेसला जातो.

कोरीघडी (लातूर)

तेरणाकाठ यांनी नेमके बोट ठेवले. मीही नांदेड आणि परभणीकडे माल पाठवते. अशा वेळी माल दुसऱ्या दुकानी जाणार आहे, याची मालकाकडून लेखी संमती घेतलीच पाहिजे; अन्यथा मालक साडी परत न्यायला येतो आणि ती गाडीत असते.

गिऱ्हाईक हमखास विचारते, कोणाची आहे? मी नाव, गाव, आडनाव काहीही सांगत नाही. किती वेळा नेसली आहे आणि कोठे दुरुस्ती केली आहे, एवढे मात्र सांगते. विकणारी व्यक्ती हयात आहे का, हेही काही जण आडून विचारतात. माणूस गेल्यानंतरचे कपडे आपल्याकडे शुभकार्यासाठी कोणी घेत नाही, म्हणून असे कपडे मी विक्रीस ठेवतच नाही. आजीचे लुगडे विकायला आलेल्या लेकीला मी त्याची वाकळ शिवून घ्या, असे सांगून परत पाठवले आहे. माझे दोन पैसे गेले, पण गिऱ्हाइकाचा विश्वास हेच या धंद्याचे भांडवल आहे.

हंगामाचेही पाहा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि सोयाबीनचे पैसेही साधारण तेव्हाच हाती आलेले असतात, म्हणून दिवाळीपूर्वी ठेवलेला कपडा सर्वांत लवकर जातो. चैत्र-वैशाखात दुसरी लाट येते. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात मुहूर्त नसल्याने लेहेंगे नुसते लटकत राहतात. अधिक महिनाही ध्यानात घ्यावा लागतो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असल्यामुळे उन्हाळ्याची लग्नसराई मधेच तुटते. त्या महिन्यात लेकी-जावयांना कपडे होतात खरे, पण ते कोरेच लागतात. नव्वद दिवसांची मुदत केव्हा सुरू करायची, हे ठरवताना पंचांग उघडणे फायद्याचे असते.

जरतारी (पैठण)

खामकाठताई, सासूबाईंच्या जरीच्या साड्यांविषयी एक विनंती आहे. त्या लेहेंग्यांच्या रांगेत टांगायला देऊ नका, आणि जुनी जर घेतो म्हणत दारावर येणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. जुनी खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. हे लोक साडी वजनावर घेतात, जाळतात आणि चांदी काढतात. वजनाचा भाव ऐकायला बरा वाटतो, परंतु त्यात विणकामाची किंमत शून्य धरलेली असते.

आधी साडी ओळखावी. हातमागाची पैठणी असेल तर पदर उलटून पाहा : नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागावरील नक्कल असेल तर मागच्या बाजूला धाग्यांचे तरंग किंवा कापलेली टोके दिसतात. सिल्क मार्कची खूण २००४ पासून आली, त्यामुळे जुन्या साडीवर ती नसणे हा दोष नाही. जर खरी की नकली, हे जरीचे काम जाणणारा सराफ किंवा विणकर सांगू शकतो. खोट्या जरीच्या आत तांब्याची तार किंवा नुसते प्लॅस्टिक असते आणि ती काळवंडते ते वेगळ्याच तऱ्हेने.

बऱ्याच वर्षांच्या साडीचा खरा शत्रू तिची घडी. एकाच रेषेवर रेशीम विरते आणि साडी उलगडताच तडकते. असे झाले असेल तर अंग गेले, तरी काठ आणि पदर शाबूत असतात. ते काढून नव्या रेशमावर लावून देणारे कारागीर आहेत, किंवा काठ-पदर तसेच स्वतंत्र विकता येतात. डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नयेत, अत्तर फवारू नये, आणि लोखंडी हँगरवर तर भारी साडी कधीच टांगू नये. दुकानात ती सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवतात का, हे स्वतः पाहून मगच ठेवावी.

मानारपार (सध्या मुक्काम अमेरिका)

तुलनेसाठी थोडेसे. इकडे हा धंदा जुना आणि शिस्तीचा आहे. अशा दुकानांची राष्ट्रीय संघटनाच १९८४ पासून आहे. कमिशनच्या दुकानांत मुदत, किंमत उतरवण्याचे टप्पे आणि न विकलेला माल किती दिवसांत न्यायचा, हे छापील करारात असते, आणि न नेल्यास तो माल दुकानाचा होतो किंवा दान केला जातो, हेही त्यातच असते. दुसरीकडे, १९७४ मध्ये ॲरिझोनात सुरू झालेल्या बफेलो एक्स्चेंजसारखी दुकाने जागेवरच विकत घेतात. तेथे रोख घेतली तर कमी आणि बदल्यात दुकानातलेच कपडे घेतले तर जास्त मूल्य मिळते. ही दुसरी पद्धत ऐकून मला आपली भांडेवालीच आठवते.

मोंढारस्ता (जालना)

वकीलसाहेबांचे वाचून एक विचारतो. आगीचा विमा दुकानाचा असतो, असे सांगतात. त्यात आपली साडी येते का?

नियमावली (नांदेड)

आपोआप येत नाही. सर्वसाधारण पॉलिसी दुकानदाराच्या स्वतःच्या मालापुरती असते; विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला इतरांचा माल त्यात स्वतंत्रपणे नमूद करावा लागतो. दुकानदाराला पॉलिसी दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. आणि पावतीवर ‘साडी १ नग’ नव्हे, तर रंग, प्रकार, काठ, असलेले दोष, मान्य किंमत, किमान किंमत, हिस्सा, मुदत आणि पैसे कोणत्या तारखेला मिळतील, एवढे तरी दोन प्रतींत आणि दोघांच्या सह्यांनी असावे. साडी देतानाच काउंटरवर उलगडून, दुकानदाराच्या समोर, पदर-काठ-निऱ्यांचे फोटो काढून त्याच्याच नंबरवर पाठवले, तर अत्तराच्या डागाचा वाद उद्भवतच नाही.

पूर्णामाई (हिंगोली)

सर्वांनी विक्रीच्या बाजूने लिहिले आहे, मी घेणारी आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नात अशाच दुकानातून शालू घेतला. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि बस्त्याची रक्कम निम्म्यावर आणावी लागली. शालूत वाचलेल्या पैशांत वऱ्हाडाच्या जेवणात कमी पडू दिले नाही. वापरलेले नेसवू नये, असे म्हणणाऱ्या आत्याबाईंनी स्वतःच्या नातवाला जन्मल्यावर पहिले अंगडे शेजारणीच्या मुलाचे, मागून आणलेले घातले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी वाद घातला नाही, मानले असेही नाही.

घेणारीच्या नजरेने सांगते : आम्ही सर्वांत आधी फॉल उलटून पाहतो. साडी कितीही स्वच्छ असली तरी मळलेला, आटलेला फॉल तिचे वय सांगतो. विकणाऱ्याने पन्नास-शंभर रुपये खर्चून नवा फॉल लावला, तर भाव करताना आमचाच आवाज खाली येतो. लेहेंग्यात आम्ही कमरेची शिलाई पाहतो, आत कापड सोडलेले असेल तरच तो दुसरीच्या अंगाला बसवता येतो.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे आभार. वाचून असे ठरवले आहे की, आहेराच्या साड्या आहेरातच जातील, शेरवानी भाड्याच्या कपड्यांच्या दुकानदाराला एकरकमी द्यायची, दोन्ही लेहेंगे आमच्या शहरात न ठेवता लातूर किंवा नांदेडला दिवाळीपूर्वी पाठवायचे, आणि जरीच्या साड्या आधी पैठणला दाखवून आणायच्या. एकच शंका उरली आहे. लेहेंग्यांवरचे शिवलेले ब्लाउज आणि साड्यांचे जुने ब्लाउज बरोबर द्यावेत की काढून ठेवावेत?

कोरीघडी (लातूर)

लेहेंग्याचा ब्लाउज द्याच, त्याच्याशिवाय लेहेंगा अर्धाच दिसतो. दंडाखाली घामाचे पिवळे डाग असतील तर लपवू नका, पावतीवर लिहा. बाह्या उसवून त्याच कापडाच्या दुसऱ्या लावता येतात, आणि ओढणीतून तेवढे कापड बहुधा निघते. साडीचे जुने ब्लाउज मात्र ठेवून घ्या, ते दुसरीला बसत नाहीत. साडीतले ब्लाउजपीस न कापता तसेच राहिले असेल तर ते साडीलाच जोडलेले राहू द्या. तेवढ्यावरून माझ्याकडे भाव वाढतो.